एकाच रेघेत अख्खा चेहरा: क्लोद मेलां

नमस्कार. स्क्रीनवर आहे फ्रेंच चित्रकार आणि उत्कीर्णक, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरणारे, क्लोद मेलां यांचं १६४९ सालचं मुद्राचित्र, म्हणजे अशा पत्र्याला शाई लावून कागदावर छापलेलं चित्र: संत व्हेरोनिकाच्या कापडावर उमटलेला ख्रिस्ताचा चेहरा. नाकाच्या शेंड्याकडे बघा. रेघ तिथून निघते आणि गोल गोल फिरत बाहेर जाते. डोळे, केस, काट्यांचा मुकुट, सगळं त्या एकाच रेघेत.

मग सावली आली कुठून? रेघेच्या जाडीतून. ब्यूरिन म्हणजे टोक तिरकं घासलेली पोलादी सळई. तिची मूठ तळहातात धरून ती तांब्याच्या पत्र्यात पुढे ढकलायची. जोर वाढवला की चर खोल आणि रुंद होतो, जास्त शाई धरतो. जोर कमी केला की रेघ केसाएवढी. बाकीचे उत्कीर्णक गडद भागासाठी रेघांवर आडव्या रेघा मारत. मेलांनी ते बहुतेक वेळा टाळलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं धाडस इथेच आहे.

वळण कापताना हात फिरवत नाहीत, पत्रा फिरवतात. पत्र्याखाली वाळू भरलेली चामड्याची उशी असते. टोक बोथट झालं की ब्यूरिन घसरतो आणि ओरखडा पडतो. चराच्या कडेला तांब्याची कुसळासारखी बारीक, खरखरीत कड उभी राहते, ती खरवडली नाही तर तिथे शाई अडकून रेघ फिसकटते. शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर चुकलं, तर गालावर नको तिथे काळा पट्टा दिसतो. चूक पुसायची तर खरवडा, घोटा, मागून ठोकून पत्रा वर आणा आणि पुन्हा कापा. पण नवा तुकडा जुन्या रेघेला दोन्ही टोकांना बिनचूक जुळायला हवा.

मेलां १५९८ साली आबव्हिलमध्ये जन्मले. १६२४ मध्ये रोमला गेले. तिथे उत्कीर्णक व्हिलामेना यांच्याकडे शिकू लागले, पण ते त्याच वर्षी वारले, मग सिमों व्हुए या चित्रकाराकडे त्यांचं रेखाटन पक्कं झालं. पुढे पॅरिसला त्यांना लूव्र राजवाड्यात निवास मिळाला. १६८८ मध्ये ते तिथेच पॅरिसमध्ये वारले.

त्यांचे चंद्रही जरूर शोधून बघा. गासांदी आणि पेरेस्क या अभ्यासकांसाठी त्यांनी दुर्बिणीतून दिसणाऱ्या चंद्राच्या तीन अवस्था कोरल्या. १६३७ मध्ये पेरेस्क वारले आणि त्या दोघांनी योजलेला चंद्राचा नकाशासंग्रह अर्धवटच राहिला.