मुळं नसलेलं जंगल

हा ओंडका पाहा. कुणी तोडून ठेवला आणि न्यायचाच विसरला, असं वाटावं इतका अस्सल लाकडी. रेषा आहेत, गाठी आहेत. टिचकी मारली की मात्र दगड वाजतो.

तमिळनाडूतलं तिरुवक्करै, पुदुच्चेरीपासून जवळच. तांबूस मातीत अशी दगड झालेली २०० च्या आसपास खोडं विखुरली आहेत. बरीचशी ३ ते १५ मीटर लांबीची. वय सुमारे २ कोटी वर्षं.

याला जंगल म्हणावं, तर एकही झाड उभं नाही. सगळी आडवी. फांद्या नाहीत, साल नाही, मुळं तर नाहीतच. झाडं इथेच वाढून इथेच गाडली गेली असती, तर चार बुंधे तरी जमिनीत रोवलेले सापडते. म्हणजे ही मंडळी इथली नव्हेत. वाहत आली.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. भूवैज्ञानिक ते ऐकत नाहीत, हे बरंच आहे.

पुरात उन्मळलेलं झाड गोट्यांवर आपटत, वाळूत घासत येतं. फांद्या मोडतात, साल सोलवटते. पाण्याचा जोर ओसरला की उरलेलं खोड रुततं आणि वर वाळू साचते. आसपासचा वालुकाश्म जवळून पाहिला, तर भरड कणांत मध्येच गुळगुळीत गोटे दिसतात. भरड थर साचला तेव्हा प्रवाह जोरात होता. चिकणमातीचा साचला तेव्हा पाणी संथावलं होतं.

गाळात हवा पोचेना, म्हणून लाकूड कुजलं नाही. जमिनीतल्या पाण्यासोबत सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, झिरपली आणि पेशीन् पेशीत भरत गेली. रचना इतकी शाबूत राहिली, की आजच्या चिंचेच्या, एरंडाच्या कुळातली झाडंही यात ओळखता आली.

युरोपीय निसर्गअभ्यासक सोनेरा यानं १७८१ मध्ये या खोडांची नोंद केली. आज हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली. आठवण म्हणून एखादी ढलपी खिशात घालायचा मोह अनेकांना होतो. पण इथे खोड कुठे आणि कोणत्या रोखानं पडलंय, यालाही मोल आहे. प्रवाहाची दिशा ताडायला तेही कामी येतं. जागचं हललं, की तो फक्त एक सुंदर दगड.

पुन्हा त्या पहिल्या ओंडक्याकडे येऊ. ही गाठ दिसते ना? इथून एक फांदी फुटली होती. ती नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी मोडून राहिली.