बशीत सांडलेला चहा

नमस्कार श्रोतेहो. मी आयुष्यभर नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवलं. आज बोलणार आहे त्यांच्या दोन पोस्टिंगबद्दल. एक मनोरुग्णालयातली आणि दुसरी गावातली, घरोघर फिरायची.

बी. एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य हे त्यांचे दोन्ही विषय पाचव्या सत्रात सुरू होतात. वेळापत्रकात शेजारी-शेजारी, पण मुलांच्या डोक्यात दोन वेगळ्या वह्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली जुनी मनोरुग्णालयं. तिथं पहिल्या दिवशी मुलं भिंतीला पाठ लावून उभी असतात आणि आठवड्याभरात पेशंटबरोबर कॅरम खेळायला लागतात. मग येतं प्रोसेस रेकॉर्डिंग. मी काय बोलले, पेशंट काय बोलला, आणि तेव्हा मला काय वाटलं, ते सगळं लिहायचं. त्यातला शेवटचा रकाना खरा. हल्ली तो मागच्या बॅचच्या वहीतून उतरवतात. एकदा माझ्याकडे चाळीस वह्या आल्या आणि चाळिसांतही ‘मला सहानुभूती वाटली’! अरे, एखाद्याला तरी भीती वाटली असेल की नाही?

असो. मला सांगायची आहे ती सुरेखाची गोष्ट. नाव बदललंय.

श्रावण होता. सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या एका गावात आमच्या मुलींची पोस्टिंग. पांढरे बूट चिखलानं माखलेले. (गावात पांढरे बूट कशाला, हे मी तीस वर्षं विचारत आले, उत्तर मिळालेलं नाही.) सुरेखाच्या खांद्याला कम्युनिटी बॅग, म्हणजे घरभेटीच्या सामानाची पिशवी. शिकवल्याप्रमाणे तिनं वर्तमानपत्र पसरलं, त्यावर बॅग ठेवली, हात धुतले आणि सासूबाईंचा रक्तदाब घेतला. भेटीचं कारण तेवढंच होतं. रक्तदाब ठीक निघाला, वहीत लिहिला. आता उठायचं.

तेवढ्यात सून चहा घेऊन आली. कपबशी पुढे केली आणि सुरेखाच्या हातात येईस्तोवर निम्मा चहा बशीत.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असू द्या वहिनी. सुरेखा नुकतीच मानसिकची पोस्टिंग करून आली होती. तिनं बशीकडे नाही, हाताकडे बघितलं. हाताची थरथर बारीक नव्हे, चांगली ठळक होती. चालताना पाऊल पडत होतं तेही सरळ नाही. तिनं हळूच विचारलं, “वहिनी, कसल्या गोळ्या चालू आहेत का?” सून गप्प. सासूबाई म्हणाल्या, “हायेत की. सा वर्सं झाली, डोक्याच्या. पन आता गुण पडलाय. औंदा श्रावणभर मिठाला शिवली न्हाई. नवसच केलाय, ती अशीच बरी ऱ्हावी म्हनून.”

सुरेखानं गोळ्या मागितल्या. फडताळातून डबा आला. लिथियम, मनाच्या टोकाच्या चढ-उतारांच्या आजारावरचं औषध. आणि त्याच डब्यात, भांगलणीनं कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. घरच्यांना वाटलं, उपासाचं पित्त.

श्रोतेहो, इथं जरा थांबते. लिथियम हे मिठाच्या जातीचं औषध. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होतं. गोळी तीच, डोस तोच, पण रक्तात साठत जातं. रक्तातलं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोलच्या आत ठेवायचं असतं. त्याच्या वर गेलं की हात थरथरणं, उलट्या, जुलाब, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं. पुन्हा सांगते: हात ठळक थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या. लिथियमवरच्या माणसाला असं झालं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मीठ एकाएकी सोडायचंही नाही, वाढवायचंही नाही.

सुरेखानं मला फोन केला. आवाज कापत होता, पण सांगितलं ते नीट, पाळी बदलताना हॅंडओव्हर देतात तसं: नाव, वय, औषध, किती दिवस अळणी, किती उलट्या. तासाभरात सून प्राथमिक आरोग्य केंद्रात होती, संध्याकाळी जिल्हा रुग्णालयात. सलाईन लागलं, लिथियम थांबवलं, रक्त तपासलं. प्रमाण वाढलेलंच होतं. सात दिवसांनी घरी आली.

त्या बॅगेत थर्मामीटर होता, रक्तदाबाचं यंत्र होतं, लघवी तपासायच्या पट्ट्या होत्या. पकडलं ते कपबशीनं. म्हणून मी मुलींना सांगायची, घरात चहा दिला तर नाही म्हणू नका. आमचे काही सहकारी याच्या विरोधात होते. नियमात बसत नाही म्हणायचे. हल्ली तर सगळीकडे कागदी कप, त्यातून काय दिसणार?

एक गोष्ट मात्र मला आवडली. सुरेखानं सासूबाईंना ‘नवस चुकीचा’ असं एका शब्दानं म्हटलं नाही. भ्रम असलेल्या पेशंटशी वाद घालायचा नाही आणि होकारही भरायचा नाही, हे ती वॉर्डात शिकली होती. ती एवढंच म्हणाली, “आजी, मिठाऐवजी गोड सोडलं तर चालेल का देवाला?” आजी जरा विचार करून म्हणाल्या, “गुरवाला इचारते.”

नंतर लॉगबुकावर सही घ्यायला आली तेव्हा सुरेखा अडली. ही भेट सामुदायिकमध्ये धरायची की मानसिकमध्ये? मी दोन्हीकडे सही केली. परीक्षा विभागानं एक खोडायला लावली.

वेळ संपत आली. मनाच्या आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, दिवसरात्र, मराठीतूनही. नंबर १४४१६. लिहून घ्या, एक-चार-चार-एक-सहा. नमस्कार.