बुद्ध्यंक: आकडा कुठून आला, काय सांगतो

[दृश्य: टेबलावर लाल-पांढरे ठोकळे, बाजूला स्टॉपवॉच]

टेबलावर नऊ ठोकळे. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरक्या रेषेनं अर्ध्या-अर्ध्या. समोर एक कार्ड, त्यावर नक्षी. तीच नक्षी ठोकळ्यांतून जुळवायची. तिसरीतली मुलगी आधी सगळे ठोकळे ओळीत लावते, कार्डाकडे बघते, एक कोपरा जुळवते, मोडते, पुन्हा जुळवते. किती सेकंद लागले ते कागदावर उतरतं. चांगला परीक्षक मात्र आणखीही काही टिपतो: मूल आधी बघतं की आधी हात घालतं, चुकल्यावर सोडून देतं की दुसऱ्या बाजूनं भिडतं.

मग अंक ऐकून उलटे म्हणायचे, शब्दांचे अर्थ सांगायचे, दोन गोष्टींत सारखं काय ते ओळखायचं. या सगळ्यातून शेवटी एक आकडा निघतो, बुद्ध्यंक. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत आईबापांना त्या आकड्याची धास्ती वाटते. म्हणून तो आला कुठून, हे नीट सांगायला हवं.

[दृश्य: जुन्या पॅरिसची छायाचित्रं]

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि वर्गात मागे पडणाऱ्या मुलांचं काय करायचं, हा प्रश्न आला. १९०४ मध्ये सरकारनं समिती नेमली. नुसत्या शिक्षकाच्या मतावर सोडलं, तर खोडकर मूल मंद ठरायचं आणि गप्प बसणारं सुटून जायचं. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारे ३० प्रश्न तयार केले. १९०८ मध्ये त्यांनी त्याला मानसिक वयाची जोड दिली, म्हणजे मूल कितव्या वर्षाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं ते. हेतू एकच होता, कुणाला जादा मदत लागेल ते शोधणं.

बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला साठा, हे बिनेला मुळीच मान्य नव्हतं. या समजुतीला तो क्रूर निराशावाद म्हणायचा. मागे पडणाऱ्या मुलांकडून तो चक्क ‘स्टॅच्यू’चा खेळ करून घ्यायचा. जागच्या जागी थिजायचं, आणि रोज थोडं जास्त वेळ. लक्ष एकवटणं हे सरावानं वाढतं, अशी त्याची खात्री होती. १९११ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी तो वारला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयानं भागलं, १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्याला १०० नं गुणून बुद्ध्यंक काढला, आणि मदतीसाठी काढलेली चाचणी माणसांची प्रतवारी करायला वापरली जाऊ लागली. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीनं नसबंदी करायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्ये मान्यता दिली. हे विसरून या विषयावर बोलताच येत नाही.

आपल्याकडे ही चाचणी मराठीत आणली व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाडला काम करून त्यांनी बिनेच्या चाचणीचं कन्नड आणि मराठी रूप घडवलं, त्यावरचं पुस्तक १९४० मध्ये आलं. बिने-कामत चाचणी आजही भारतात वापरली जाते.

पण ती मोजते काय? १९०४ मध्येच इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमन यांना शाळकरी मुलांच्या गुणांत एक गोष्ट दिसली. एका विषयात पुढे असलेली मुलं बहुधा दुसऱ्यातही पुढे असतात. सगळ्यांच्या मुळाशी एक सामान्य क्षमता असावी, तिला त्यांनी ‘जी’ म्हटलं. शंभर वर्षं उलटली, हा संबंध पुन्हा पुन्हा सापडतो आहे. म्हणून चाचण्या सगळ्या थोतांड, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

[दृश्य: चवथीची माटोळी, जवळून]

रेमंड कॅटेल यांनी या क्षमतेचे दोन भाग केले. कधीच न पाहिलेलं कोडं सोडवण्याची प्रवाही बुद्धी, आणि आयुष्यभर साचत गेलेली, मुरलेली बुद्धी. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधलेली ही फळांची माटोळी पाहा. आंबाडे, कांगलां, माट्टी, कवंडळं, तोरिंग, चिबूड. कुठलं फळ रानात कुठे मिळतं, कुठलं आधी सुकतं, कुठलं कडेला बांधायचं, हे घरातल्या आजोबांना तोंडपाठ. ठोकळ्यांवर त्यांचा नातू त्यांना हरवेल, कारण प्रवाही बुद्धी तरुणपणीच भरात असते. मुरलेली बुद्धी म्हातारपणापर्यंत टिकते, पण माटोळीचा प्रश्न कुठल्याच चाचणीत नाही. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये अनेक बुद्धिमत्तांचा सिद्धांत मांडला, पुढे त्यात निसर्गाची जाणही घातली. शिक्षकांना तो फार आवडतो. पण या बुद्धिमत्ता एकमेकींपासून खरोखर वेगळ्या आहेत, याला मोजमापाचा भक्कम आधार मिळालेला नाही.

ब्राझीलमधला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. रेसिफे शहर, तिथेही एके काळी पोर्तुगीज होते, तिथेही नारळ. तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ३५ चा एक, तर दहा नारळांचे किती? बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, तीनचे १०५, आणखी तीन, २१०... असं करत ३५० वर येतो. विकताना मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. तशीच गणितं कागदावर दिली, तर ३७ टक्के. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्यानं सुट्टे मोजून घेतलेत, त्याला याचं नवल वाटणार नाही.

[दृश्य: सत्तरी तालुक्यातली प्राथमिक शाळा]

आता आपलं मूल. घरी कोकणी, सरकारी शाळेत चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. मांजर आणि उंदीर यांत सारखं काय, असं मराठीत विचारलं. मूल म्हणतं, “दोगांकय शेंपडी आसा.” परीक्षकाला कोकणी कळत असेल तर गुण मिळतो. हाच प्रश्न इंग्रजीत आला, तर मूल कदाचित गप्पच बसेल, आणि त्या गप्प बसण्याचा शून्य होतो.

मग शब्दच नकोत, असं म्हणून जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये नुसत्या आकृत्यांची चाचणी आणली. पण जेम्स फ्लिन यांनी दाखवलं, की बऱ्याच देशांत दर दशकाला सरासरी साधारण तीन गुणांनी वर जात होती, आणि वाढ सर्वांत जास्त होती ती याच आकृत्यांत. म्हणजे शाळेची, काळाची सावली तिथेही पडते. जुन्या निकषांवर, म्हणजे जुन्या पिढीच्या सरासरीशी ताडून, आजचं मूल तपासलं, तर आकडा फुगतो.

आजच्या मोजणीत सरासरी १०० धरतात. शंभरातली सुमारे ६८ माणसं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. पण अहवाल हाती आला की आधी विचारा, चाचणी कुठल्या भाषेत घेतली, निकष कधीचे, आणि वेगवेगळ्या भागांत मूल कसं उतरलं. एखाद्याचा बुद्ध्यंक १०५ असतो आणि वाचन पहिलीचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशी अध्ययन अक्षमता धरलेली आहे. पेपरला जादा वेळ, लेखनिक, या सवलती तिच्यासाठीच असतात. त्यासाठीची तपासणी तिसरी-चौथीतच करून घ्या, पाचवीचं इंग्रजी अंगावर यायच्या आत.