पंचमीची सुकती आणि खाडीतला जिताडा

मंडळी, गळ टाकायला रेवदंड्याकडे येणारे पुण्या-मुंबईचे हौशी लोक फोनवर आधी विचारतात, "रविवारी होडी मिळेल का?" नाखवा, म्हणजे होडीवाला, उलट विचारतो, "त्या दिवशी तिथी कोणती?" आजचं माझं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाबद्दल आहे. इथल्या कुंडलिका नदीच्या खाडीत जिताडा हा मासा धरायला वाटाड्या घेऊन जायचं असेल, तर दिवस आणि वेळ त्यालाच ठरवू द्या.

हिशोब जुना आहे, आपल्या किनाऱ्यावर घरोघरी ठाऊक असलेला. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण म्हणजे पावणेचार, पहाटे आणि दुपारी. काही मिनिटं इकडेतिकडे होतात, आणि मुखापासून आत जाल तसा उशीर वाढतो. पहाटे पावणेचारला भरती संपली, तर दहाच्या सुमाराला ओहोटी पूर्ण. म्हणजे सहाला होडीत बसलात, तर सुकतीचे, म्हणजे पाणी उतरत असतानाचे, चार चांगले तास हाताशी राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की आमिष जागेवर ठरत नाही, आणि चिखल ढवळून सगळं गढूळ होतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटीच्या वेळी, पाणी सुस्त. पंचमी या दोहोंच्या मधली, म्हणून मला ती आवडते.

आता सुकतीच का? भरतीला पाणी कांदळवनात शिरतं, त्याच्याबरोबर कोळंबी आणि बोईट माशाची पिल्लंही मुळांमध्ये शिरतात. तिथं मोठ्या माशाला घुसता येत नाही. पाणी उतरायला लागलं की या सगळ्यांना बाहेर यावंच लागतं, तेही लहानशा फाट्याच्या एकाच तोंडातून. जिताडा त्या तोंडाशी थांबतो. धारेत नाही, धारेच्या कडेला, जिथं पाणी वळसा घेऊन मंदावतं तिथं.

ती जागा नवख्याला दिसत नाही. नाखवा बरंच अलीकडे इंजिन बंद करतो, बांबूनं होडी रेटत नेतो आणि बोटानं फेसाची एक बारीक रेघ दाखवतो. रेघेच्या पलीकडे नाही, अलीकडे टाका, असं म्हणतो. कोळंबी जिवंत हवी. तिच्या डोक्यावरच्या काट्याखालून गळ ओवायचा, आतला काळा ठिपका टाळून. ठिपक्याला टोचलं तर ती लगेच मरते, आणि मेलेल्या कोळंबीकडे जिताडा सहसा वळत नाही. तो तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पृष्ठभागाजवळ घेतलं तर 'भॉप्' असा आवाज येतो, आणि तो ऐकल्यावर कितीही मुरलेल्या माणसाचा हात थरथरतो! मासा उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा दोरी ढिली पडू देऊ नका. त्याच्या तोंडात मोठे दात नाहीत, खरखरीत कानशीसारखं लागतं. पण कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. बारीक दोरी तिथंच कापली जाते, म्हणून शेवटचा हातभर जाड नायलॉन लावतात. कल्ल्यात बोटं घालू नका, खालचा ओठ धरा.

पाणी थबकलं की खाणं थांबतं. त्या वेळेत भाकरी खा, चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे बघा. किनाऱ्याची पांढरी चिपी ओळखायला शिका, 2020 साली ती महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष झाली.

एक गोष्ट मात्र मी कळकळीनं मागतो. जिताडा सुरुवातीची काही वर्षं नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटोसाठी तुम्ही ज्या धुडाची वाट पाहता, ती बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. पावसाळ्यात ती नदीमुखाकडे खाऱ्या पाण्यात उतरते आणि लाखो अंडी सोडते. पिल्लं पुढं खाडीत, खाजणात, गोड्या पाण्यात वाढतात. पेण-अलिबागकडच्या खारपट्ट्यात लोक हीच पिल्लं घरामागच्या तळ्यात सोडून वाढवतात. जिताड्याचं कालवण मलाही जीव की प्राण आहे. तरी सांगतो, मध्यम आकाराचा एक घरी न्या, मोठी मादी सोडा.

सोडायची ठरवूनच निघा. गळाची उलटी अणी पकडीनं आधीच दाबून ठेवा, म्हणजे तो झटकन निघतो. फोटो पाण्यालगत, घाईत. मग पोटाखाली हात देऊन तिचं तोंड प्रवाहाकडे धरा, शेपटी स्वतःहून हलेपर्यंत. दमलेली मादी नुसती फेकून दिली तर ती तळाशी जाऊन मरूही शकते.

पैशांचंही आधी बोलून घ्या. मासा लागो न लागो, ठरलेली पूर्ण रक्कम द्या. मासा लागला तरच पैसे असं ठरवलंत, तर मोठी मादी सोडायला नाखवा कशाला राजी होईल? आणि तिथी रविवारी जुळत नसेल तर मधल्या वारी रजा टाका. दिनदर्शिकेत पंचमी शोधा, शुद्ध असो वा वद्य, मग होडीसाठी फोन लावा.