लंगोटाला कुठं पैसे पडतात?

(लातूरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झाल्यावर दोघीतिघींनी विचारलं, मॅडम, तीस वर्षं गणित शिकवून शेवटी लंगोटावर आलात का? आले. इतकं चुकीचं मांडलेलं गणित मी दहावीच्या पेपरातसुद्धा पाहिलं नाही. मागच्या पुरुषमंडळींनी उठू नये, तुमचंच काम आहे.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या जागी १४४ कलम. पाचजणी हंडे घेऊन उभ्या राहिल्या की झाला जमाव! त्यात माझी लेक बाळंतपणाला माहेरी. मार्चअखेर नातू झाला. पुण्याहून विहीणबाईंनी जुन्या धोतरांची चाळीस बाळुती पाठवली, मऊ, दृष्ट लागावी अशी. सोबत निरोप, ‘डायपरवर पैसे उधळू नका. लंगोटाला कुठं पैसे पडतात?’

तान्हं लेकरू दिवसातून दहा-बारा वेळा तरी भिजवतं. आमच्याकडं टँकर आठ दिवसांनी. मग मी पाण्याची उतरंड लावली. शेवटी खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या धुण्याला, पहिल्या धुण्याचं संडासात. मधल्या बादलीचं पाणी कुठं वापरायचं, यावरून घरात रोज भांडण. एवढ्याशा पाण्यात साबण निघेना, लेकराला पुरळ उठलं, आणि पुण्याहून फोन, ‘चोरून डायपर लावलं ना?’

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. आमचे हे स्टेशनवर बघून आले (बघायलाच गेले होते, घागर नेली नव्हती) आणि म्हणाले, ‘दहा वाघिणी, ५ लाख लिटर!’ मी उभ्या उभ्या भागाकार केला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहर ३ लाख ८२ हजार. माणशी सव्वा लिटर, वर चार थेंब. नातवाच्या वाट्याला एक लंगोट भिजवण्यापुरतं आलं. खळबळायला पुढची रेल्वे.

हसा. तेव्हा मी रडले होते. बरं, चारच दिवस आधी, ८ एप्रिलला, घनकचऱ्याचे नवे नियम निघाले होते. वापरलेलं डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या, असं तेव्हा त्यांत होतं म्हणे. आमच्या गल्लीत ती रात्री नाल्यात पडायची. आत पाणी धरणारी भुकटी असते, ती टम्म फुगायची. मांजरा धरणापेक्षा जास्त पाणी आपल्या नाल्यातल्या डायपरांत आहे, असं हे म्हणायचे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मुख्य गणित तर राहिलंच! लिहून घ्या पटापट.

सरासरी रोज ६ डायपर, एक १० रुपयांचं धरा. दोन वर्षांचे ४३,८०० रुपये. कापडी, ती बटणांची मिळतात ती, ४०० ला एक अशी २० घेतली, ८ हजार. रोज तीन बादल्या, ४५ लिटर, म्हणजे ५ हजार लिटरचे साडेसहा टँकर. हजार रुपयांनी ६,५००. साबण ३ हजार. आता विहीणबाई जे धरत नाहीत ते. धुणारीचा रोज अर्धा तास, दोन वर्षांत ३६५ तास, आठ तासांचे ४५ दिवस. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये, झाले १४ हजार. बेरीज ३१,५००. कापडी स्वस्तच, दुसऱ्या लेकराला तीच वापरली तर आणखी. पण ३१,५०० ला फुकट म्हणतात का? आणि टँकर ३ हजारांवर गेला, की पारडं डायपरकडं झुकतं. घरी आकडे घालून बघा.

इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं २००८ साली हेच तपासलं, पण प्रदूषणाच्या अंगानं. कापडी लंगोट उघड्यावर वाळवले, यंत्र पूर्ण भरून धुतले, दुसऱ्या लेकरालाही वापरले, तर कापडीच्या सरासरी वापरापेक्षा तापमानवाढीचा भार ४० टक्क्यांनी उतरतो. वाळवायचं यंत्र लावलं की फायदा गेला. ऊन आपल्याकडं, पाणी त्यांच्याकडं!

हो, हो, आवरते. दुसऱ्या वेळी नात झाली, पुण्यातच. दिवसा कापडी, रात्री डायपर असं ठरलं. लेकीचं टाक्याचं दुखणं होतं, म्हणून पहिला महिना लंगोट जावईबापूंनी धुतले. चौथ्या दिवशी विहीणबाईंनी डायपरचे दोन खोके मागवले.