लॅबमधला दीड तास

(दृश्य: कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. रांगेत बसलेली मुलंमुली. स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटी मोजणी.)

जुलै-ऑगस्ट. शेवटचं वर्ष नुकतंच लागलेलं असतं आणि महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये प्लेसमेंटचा हंगाम सुरू होतो. नोटीस बोर्डावर पात्र विद्यार्थ्यांची यादी लागते. बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, सगळीकडे ६० टक्के मागतात. केटी, म्हणजे नापास झालेला विषय, शिल्लक असेल तर पुष्कळदा नाव यादीत येतच नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षात राहिलेला विषय सोडवणं हीच प्लेसमेंटची पहिली तयारी.

पहिली फेरी ऑनलाइन असते. अ‍ॅप्टिट्यूडच्या एका प्रश्नाला साधारण मिनिटभर मिळतं. काळ-काम-वेग, शेकडेवारी, नफा-तोटा ही गणितं शाळेतलीच आहेत, पण एका गणितावर चार मिनिटं गेली की पुढची तीन सोपी गणितं हातची जातात. रोज २० प्रश्न, समोर घड्याळ, असे सहा आठवडे काढले तर हा भाग आवाक्यात येतो. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, हे मात्र सूचनांमध्ये आधी वाचायचं.

सगळ्यात जास्त गळती होते ती कोडिंगच्या भागात.

(दृश्य: स्क्रीनवर एक प्रश्न, जवळून.)

प्रश्न साधा आहे. आकड्यांची एक यादी दिली आहे. तिच्यातल्या कोणत्याही दोन आकड्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होते का, ते सांगायचं. बहुतेक जण लगेच एकात एक दोन लूप लिहितात, म्हणजे पहिला आकडा घ्यायचा आणि उरलेल्या प्रत्येकाशी जोडून बघायचा. नमुन्याच्या चाचण्या पास होतात. सबमिट केलं की लाल अक्षरांत येतं, ‘टाइम लिमिट एक्सीडेड’.

म्हणजे वेळ संपला. असं का झालं, याचं उत्तर प्रश्नाखालच्या बारीक ओळीत असतं. तिथे लिहिलंय की यादीत १ लाखापर्यंत आकडे असू शकतात. १ लाख आकड्यांच्या जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. ढोबळ हिशेबाने संगणक सेकंदाला १० कोटी साध्या पायऱ्या करतो असं धरा. म्हणजे या कोडला ५० सेकंद लागणार, आणि मुदत असते एक-दोन सेकंदांची. भाषा पायथन असेल तर आणखी जास्त.

आता दुसरी वाट. यादीतून एकदाच जायचं. समोर ७ आला आणि बेरीज १० हवी असेल, तर ३ आधी दिसून गेलाय का, एवढंच सेटमध्ये, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्यांच्या साठ्यात, बघायचं. नसेल तर ७ सेटमध्ये टाकायचा आणि पुढे सरकायचं. सेटमध्ये शोधायला सरासरी एक पायरी पुरते, म्हणून सगळं काम लाखभर पायऱ्यांत उरकतं. क्रम मात्र सांभाळा. आधी शोधायचं, मग टाकायचं. उलट केलं तर यादीत एकच ५ असताना ‘५ आणि ५ मिळून १०’ असं चुकीचं उत्तर येतं. नमुन्यात ही चूक दिसत नाही, लपवलेल्या चाचण्यांमध्ये पकडली जाते.

तशीच दुसरी चूक बेरजेची. सी++ किंवा जावामधल्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या प्रकारात, जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ मावतात. १०० कोटींचे तीन आकडे मिळवले की जावामध्ये उत्तर थेट ऋण येतं. तिथे मोठा प्रकार, लाँग, घ्यावा लागतो, सी++मध्ये लाँग लाँग. पायथनमध्ये हा त्रास नाही.

म्हणून प्रश्न उघडल्यावर पहिली पाच मिनिटं कीबोर्डला हात लावू नका. मर्यादा वाचा, पायऱ्या कागदावर मोजा. मग तीन नमुने स्वतः तयार करा: एकाच आकड्याची यादी, सगळे आकडे सारखे, आणि मर्यादेइतकी मोठी यादी. सरावात ५०० प्रश्न सोडवल्याचा आकडा मोठा दिसतो, पण १५० प्रश्न नीट समजून सोडवले आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न आठवड्याने उत्तर न बघता पुन्हा लिहिला, तर हात जास्त बसतो. अ‍ॅरे, स्ट्रिंग, हॅशिंग, सॉर्टिंग, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री इतकं आधी पक्कं करा.

(दृश्य: मुलाखतीची खोली. टेबलावर एका पानाचा रेझ्युमे.)

पुढची फेरी समोरासमोर. इथे रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो. प्रोजेक्ट विकत मिळतात, हे समोरच्यालाही माहीत असतं. हजेरीचं अ‍ॅप केलंय असं लिहिलं, की विचारणा सुरू होते. पासवर्ड टेबलमध्ये कसा ठेवलाय? दोन शिक्षकांनी एकाच वेळी सेव्ह दाबलं तर कोणाची नोंद राहील? महिन्याचा अहवाल हळू येत असेल तर आधी काय तपासाल? स्वतः बांधलेल्याला पासवर्ड हॅश करून, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात बदलून, का ठेवतात ते सांगता येतं, कारण तो तिथे अडखळलेला असतो. विकत घेतलेला दुसऱ्याच प्रश्नाला गप्प होतो, आणि मग त्याच्या बाकीच्या ओळींवरही विश्वास उरत नाही.

छोटा असला तरी प्रोजेक्ट एकच आणि स्वतःचा असावा. गिटहबवर, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साइटवर, तो थोडा थोडा चढवत जा. ‘फायनल’ नावाची एकच नोंद आणि तिच्यात सगळा कोड असेल, तर बघणाऱ्याला काय झालंय ते कळतं. एपीआयची की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) किंवा डेटाबेसचा पासवर्ड चुकून चढला, तर फाइल पुसून भागत नाही, जुन्या नोंदींमध्ये ती तशीच राहते. की किंवा पासवर्ड ताबडतोब रद्द करून नवा घ्यावा लागतो.

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, हमखास विचारतात. दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढा, हा जुनाच प्रश्न. सर्वाधिक पगार दोघांना असेल तर काय, हे स्वतःहून विचारलंत तर निम्मं काम झालं.

इंग्रजीची धास्ती मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांना असते, आणि ती खोटी नाही. तिच्यावर एक साधा उपाय आहे. आपला प्रोजेक्ट आधी मित्राला मराठीत समजावून सांगा. तिथेच अडखळलात तर आधी विषय पक्का करा, भाषेचं नंतर बघू. मराठीत नीट सांगता आलं की तेच सहा-सात छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा, मोठ्याने बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. दहाव्या वेळेला आवाज स्थिरावतो.

(दृश्य: फोनवर आलेला मेल.)

कॅम्पसमध्ये जमलं नाही तर बाहेरून अर्ज करताना एक गोष्ट कधीच विसरू नका. नोकरीसाठी, ट्रेनिंगसाठी किंवा लॅपटॉपच्या अनामत रकमेसाठी जो पैसे मागतो, त्याला उत्तर देऊ नका. मेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का, ते बघा. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर मुदत आणि रक्कम वाचूनच सही करा, आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाकडे ठेवायला देऊ नका. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली डिग्री आणि डिप्लोमाधारकांना विद्यावेतनासह कामाचं प्रशिक्षण घेता येतं. ही वाट फार कमी मुलं बघतात.

मुलाखत संपताना समोरून प्रश्न येतो, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ ‘नाही’ म्हणून उठू नका. पहिल्या सहा महिन्यांत नवीन माणसाला कोणतं काम देतात आणि त्याचा कोड कोण तपासतं, हे विचारा. मिळालेलं उत्तर बाहेर आल्यावर वहीत लिहून ठेवा, दोन ऑफर हातात असतील तेव्हा ते उपयोगी पडेल.