बाजेवरचा बिबट्या

श्रोतेहो, नमस्कार.

मी वनखात्यात वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. ३३ वर्षांत पायरी एकच चढलो, डोंगर मात्र पुष्कळ चढलो. वनरक्षकाचं काम काय असतं यावर रेडिओवर दहा मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. कागदावर मुद्दे लिहून आणलेत. गस्त, वणवा, चोरटी तोड, शिकार, गणना आणि शेवटी माणसांचा बंदोबस्त. हा शेवटचा मुद्दा मी आधी घेतो, कारण निम्म्याहून जास्त नोकरी त्यातच गेली.

खात्याची रचना थोडक्यात सांगतो. परिक्षेत्र असतं, त्याची वर्तुळं असतात, वर्तुळात नियतक्षेत्रं. नियतक्षेत्र म्हणजे आपण ज्याला बीट म्हणतो ते. एका बीटाला एक वनरक्षक. हातात काठी, खिशात डायरी, सोबतीला वनमजूर असला तर असला. त्या बीटात झाड तुटलं, ससा मेला, आग लागली, बिबट्या गोठ्यात शिरला, तर पहिला फोन त्याला.

माझं बीट उत्तर पुणे जिल्ह्यात, जुन्नर वनविभागात होतं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, हा सगळा उसाचा पट्टा. बिबट्याला उसात काय कमी? दडायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री आणि डुकरं. कित्येक बिबट्यांचा जन्मच उसात होतो, त्यांनी डोंगरातलं रान पाहिलेलंही नसतं. तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडतात, तेव्हा ती घरी आणू नका, तिथंच राहू द्या आणि आम्हाला कळवा. रात्री आई येते आणि एकेक उचलून नेते. हे मी हजार वेळा सांगितलंय, आज एक हजार एकाव्यांदा सांगतो.

आता ती विहिरीची गोष्ट. माझ्या घरच्यांना ती पाठ आहे, तुम्हाला नवी असेल.

आठ-दहा वर्षं झाली. जानेवारी महिना, गळीत हंगाम जोरात. सकाळी सहाला फोन, "गार्डसाहेब, विहिरीत वाघ पडलाय." आमच्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात, त्यामुळे मी चहा संपवून निघालो. जाऊन बघतो तर जुनी बांधीव विहीर, पाच परस खोल, वर कठडा नाही. रात्री कुत्र्यामागं धावताना पडला असणार. आत पायरी नाही, कपार नाही. तो पोहत होता. बिबट्या पोहतो चांगला, पण किती वेळ पोहेल? दगडाला नख्या लावायचा, घसरायचा, पुन्हा पाण्यात. आवाज डरकाळीचा नव्हता, दमलेल्या बैलासारखा होता.

पिंजऱ्याची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेलेली. साहेब फोनवर म्हणाले, "मला यायला वेळ लागेल, तोवर त्याला बुडू देऊ नका." लोक विचारतात, बंदुकीनं भुलीचं इंजेक्शन का नाही मारत? अहो, पाण्यातल्या जनावराला भूल दिली तर ते बुडून मरतं. पाण्यात भूल द्यायची नसते. त्याला टेकायला काहीतरी तरंगतं द्यायचं असतं. चार दोऱ्यांना बांधून बाज सोडायची, हा आमचा नेहमीचा उपाय.

तर बाज शोधायला निघालो. गावात बाजच नाही! या घरात लोखंडी कॉट, त्या घरात दिवाण, एका घरात तर बॉक्सचा पलंग, आत सगळ्या गोधड्या भरलेल्या. सुंभानं विणलेली बाज म्हणजे उन्हाळ्यात अंगाला खालूनसुद्धा वारा लागतो, ती टाकून लोक फोमच्या गादीवर घामाघूम का होतात मला कळत नाही. असो. शेवटी एका घरात बाभळीच्या लाकडाची, सुंभाची बाज सापडली. अडचण एवढीच की तिच्यावर माणूस होता. पंच्याऐंशीच्या घरातले बाबा. सून म्हणाली, "भाऊ, विचारून बघा, पण ते उठायचे नाहीत."

मी म्हटलं, "बाबा, बाज पाहिजे होती."

"कुणाला?"

"बिबट्याला."

"आजारी आहे का?"

म्हटलं, "नाही बाबा, विहिरीत पडलाय. दोऱ्यांना बांधून आत सोडायचीय."

"दोऱ्या कोण बांधणार?"

"आम्हीच."

"तुम्ही कधी मोट हाकलीय का?" एवढं बोलून बाबा उठले. बाज द्यायला तयार, पण अट एक, मी बरोबर येणार. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाज, बाजेवर बाबा, बाबांच्या हातात काठी, अशी आमची वरात विहिरीवर निघाली.

तिथं तोवर अख्खी पंचक्रोशी जमलेली. मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर पोरं, बाभळीवर पोरं. एकजण फोन धरून इतका वाकला की वनमजुरानं त्याची कॉलर पकडली म्हणून वाचला, नाहीतर विहिरीत दोघं झाले असते. बिबट्यानं बिचाऱ्यानं कुणाला काही केलं नव्हतं. त्या दिवशी जिवाला धोका होता तो गर्दीचा. हे लक्षात ठेवा, धोका गर्दीचा.

बाबा जुन्या थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं तिथल्या, दगडावर बसले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. "बाजेच्या खुरांना बांधू नका, निसटतील. आडव्या लाकडांना दोन वेढे द्या. चारी नाडे एका मापाचे ठेवा, नाहीतर पाहुणा घसरेल." आम्ही निमूट ऐकलं. बाज खाली गेली. बिबट्यानं आधी ती चावून पाहिली. मग पुढचे दोन पंजे टेकवले, मग अख्खा वर आला. बाज वीतभर पाण्याखाली गेली, पण दोऱ्यांनी पेलली. तो बसला.

आणि काय सांगू, वरून टाळ्या! शिट्ट्या! त्यानं दचकून पुन्हा पाण्यात उडी घेतली. त्याला परत बाजेवर यायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी गावकऱ्यांना जे बोललो ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

दुपारी साहेब आले, पोलीस आले. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "धडधाकट आहे, पकडायचा कशाला? वाट दिली की जाईल." दोन लांब बांबूंना आडव्या काठ्या बांधून शिडी केली, उसाच्या बाजूनं विहिरीत सोडली. मोटार बंद केली. पोलिसांनी लोकांना पार वस्तीपर्यंत मागं रेटलं. मग थांबायचं. वनरक्षकाच्या कामात थांबणं फार असतं आणि ते कुणाला काम वाटत नाही.

बाबा घरी जायला तयार नाहीत. म्हणाले, "माझी बाज आत आहे." दूर बांधावर ट्रॉली उभी केलेली, तिच्यात आम्ही तिघं आणि बाबा. दिवे बंद, विडी बंद. साडेसात वाजले, आठ वाजले. दिसत काहीच नव्हतं. आधी बांबू करकरला. मग पाणी निथळल्याचा आवाज. मग काहीच नाही. मी टॉर्चला हात घातला, तर बाबांनी मनगट धरलं. लांब वस्तीवरचं एक कुत्रं भुंकलं. मग त्याच्या पलीकडचं, मग ओढ्याच्या अंगाचं. भुंकणं पुढं पुढं सरकत डोंगराकडं गेलं, तेव्हा बाबा म्हणाले, "ओढा ओलांडला."

तर मंडळी, बिबट्या दिसला तर गर्दी नको, पाठलाग नको, वाट मोकळी. पुन्हा सांगतो. गर्दी नको, पाठलाग नको, वाट मोकळी. आणि वनखात्याची हेल्पलाइन आहे, हॅलो फॉरेस्ट, नंबर १९२६.

लोक म्हणतात, पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत आहे, त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पण ते कायद्याचं झालं. २००१ ते २००३ या काळात आमच्याच भागातून बरेच बिबटे पकडून दुसरीकडं सोडले होते. अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला, तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले. मात्र ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरात मी हा हिशेब कधी सांगितला नाही. तिथं पिंजराच लावावा लागतो, आणि तो लावायलाही वनरक्षकच जातो, शिव्या खात.

आता दुसरं एक बोलून घेतो. शेतकऱ्याला वीज बऱ्याचदा रात्री मिळते म्हणून तो रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, उसात जातो. बिबट्याची वेळ आणि विजेची वेळ एकच ठेवल्यावर काय होणार? दिवसा वीज द्या, आमचं निम्मं काम कमी होईल. हा माझा विषय नाही, पण बोललो.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. गणनेचं सांगतो. दर चार वर्षांनी वाघांची गणना होते, तेव्हा वनरक्षक आपल्या बीटात पायी फिरून विष्ठा, पाऊलखुणा, ओरखडे नोंदवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्याच्या कोलारा भागात याच कामावर असलेली एक वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. सोबत वनमजूर होते.  ११ सप्टेंबरला राष्ट्रीय वनशहीद दिन असतो, त्या दिवशी आम्ही अशांची नावं घेतो.

वणव्याचं राहिलंच. जाळरेषा म्हणजे आगीच्या आधी आपणच गवत जाळून काढलेला पट्टा, म्हणजे आग तिथं अडते. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवू नका, झाडून घ्या. झाडून घ्या, पेटवू नका.

आणि हो, बाज. ती त्या रात्रीच दोऱ्या ओढून वर काढली. पायताकडचं सुंभ ओरबाडलेलं, एका लाकडावर चार नख्यांचे ओरखडे. मी म्हटलं, "बाबा, नवीन विणून देतो." म्हणाले, "विणायचं राहू दे, आधी वाळू दे, मला निजायचंय." पंचनाम्यात मी लिहिलं, "सुंभाची बाज, नग एक, ओली." साहेबांनी त्यातलं "ओली" खोडलं.

नमस्कार.